वस्तु दिसते ती कशी?



मी आयुष्यभर शाळामास्तर. ‘प्रकाश’ हा धडा मीं कित्येक वर्षें शिकविला. “वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरला म्हणजे ती वस्तु आपल्याला दिसते,” हें वाक्य मीं फळ्यावर लिहावें, मुलांनीं तें उतरून घ्यावें, परीक्षेंत तसेंच्या तसें लिहावें आणि मीं पूर्ण गुण द्यावे, असा आमचा परिपाठ. एका वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें हात वर करून विचारलें, “गुरुजी, मग मांजराचे डोळे रात्रीं चमकतात ते कसे? त्यांतून उजेड बाहेर पडतो ना?” तास संपत आला होता. मी म्हणालों, “पुस्तकांत आहे तेवढें पाठ कर, आणि खालीं बैस.” तो बसला. पुन्हां त्यानें वर्गांत हात वर केल्याचें मला आठवत नाहीं.

पुढें निवृत्त झाल्यावर वाचतां वाचतां एक गोष्ट आढळली आणि मी चपापलों. चक्षुरिंद्रिय तैजस असून त्याचे किरण बाहेर जाऊन वस्तूला भिडतात, असें आपले नैयायिक मानीत. आणि त्यासाठीं रात्रीं फिरणाऱ्या प्राण्यांच्या डोळ्यांतील तेजाचाच दाखला न्यायसूत्रांत दिलेला आहे. ग्रीक भूमितिकार युक्लिड हाहि डोळ्यांतून किरण निघतात असेंच धरून चालला. हा समज खोडून काढण्यासाठीं बसरा येथें जन्मलेल्या इब्न अल्-हैथमला ११ व्या शतकांत मोठा ग्रंथ लिहावा लागला. त्याचा एक मुद्दा अगदीं साधा होता: फार प्रखर उजेडाकडे पाहिलें तर डोळे दुखतात, तेव्हां कांहीं तरी बाहेरून आंत येत असलें पाहिजे. म्हणजे ज्या प्रश्नानें थोरामोठ्यांना शतकानुशतकें गुंतवून ठेविलें, तोच त्या पोरानें विचारला होता, आणि मीं त्याला खालीं बसविलें!

मुलांचा हा समज टिकून राहतो याचें एक कारण असें कीं, शहरांतील मुलांनीं खरा काळोख पाहिलेलाच नसतो. दिवा मालविला तरी फटींतून रस्त्यावरचा उजेड येतोच. म्हणून “थोडा वेळ थांबलें कीं अंधारांतहि दिसूं लागतें,” असें तीं म्हणतात, आणि त्यांच्या अनुभवापुरतें तें खरेंहि असतें. तेव्हां व्याख्येच्या आधीं मुलाला काळोख दाखवावा. जोड्यांचें पुठ्ठ्याचें खोकें घ्या, आंतून काळा कागद चिकटवा आणि एका बाजूस डोळ्यापुरतें भोंक पाडा. आंत चेंडू ठेवून झांकण घट्ट लावा. मुलानें डोळा असा भिडवावा कीं कडेनें उजेड शिरूं नये. हवा तितका वेळ त्याला पाहूं द्या. डोळा उघडा, वस्तु समोर, तरी कांहीं दिसत नाहीं! मग झांकण किंचित् उचला. चेंडू दिसतांच, काय बदललें तें मूल आपण होऊनच सांगेल.

आतां दुसरी पायरी. मुलें नेमकीं येथेंच अडतात. उजेड वस्तूवर पडतो हें त्यांना पटतें. तो तेथून निघून आपल्या डोळ्यांकडे येतो हें पटत नाहीं. त्यासाठीं अंधाऱ्या खोलींतील एक कवडसा पुरे. कवडशांत पांढरा कागद धरा आणि शेजारीं बसलेल्या मुलाच्या तोंडाकडे कलता करा, चेहरा उजळतो. कागदाच्या जागीं काळें कापड धरा. चेहरा पुन्हां अंधारांत जातो. लाल कागद धरला तर गालावर लाली येते. उजेड कागदावर संपला नाहीं, तो तेथून पुढें निघाला, ही गोष्ट मूल आतां प्रत्यक्ष पाहतें. शेवटीं आरसा धरा. आरसा तो उजेड एकाच दिशेला फेंकतो, म्हणून भिंतीवर एकच लख्ख ठिपका उमटतो. कागद मात्र तो चोहोंकडे विखुरतो. म्हणूनच एकच पान साऱ्या वर्गाला दिसूं शकतें.

आपला चंद्रहि या कागदाच्याच जातीचा, पण फार मळकट. त्याच्यावर पडणाऱ्या उजेडापैकीं शेंकडा सुमारें १२ भागच तो परत पाठवितो. काळसर खडकच तो. भोंवतालच्या काळोखामुळें आपल्याला रुपेरी वाटतो. त्याच्यावरून निघालेला उजेड सुमारें सव्वा सेकंदांत आपल्या डोळ्यांत येतो.

राहिलें तें मांजर. त्याच्या डोळ्यांत आंतल्या पडद्यामागें एक चकचकीत थर असतो. बाहेरून आलेला उजेड हा थर परतवितो, म्हणून डोळे चमकतात. आपल्या खोक्यांतल्यासारख्या पुऱ्या काळोखांत ते चमकत नाहींत, आणि मांजरालाहि कांहीं दिसत नाहीं. एवढें साधें उत्तर त्या मुलाला द्यावयाचें माझ्या हातून राहून गेलें. आपल्या घरीं कोणी मूल असा प्रश्न घेऊन आलें, तर त्याला खालीं बसवूं नका; जोड्यांचें एक रिकामें खोकें शोधावयास सांगा.