रूथ माणदेशात यावी



मला एकच गोष्ट मांडायची आहे. १५ ऑगस्टला आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांत झेंडावंदन होतं, उपासना होते आणि आशीर्वाद झाला की मग मुलांचा ‘कार्यक्रम’. नाटुकलं त्या कार्यक्रमात आणि चित्रं भिंतीवर. ही दोन्ही उपासनेच्या आत, पापकबुली आणि मध्यस्थीच्या प्रार्थनेच्या शेजारी आली पाहिजेत.

यात परकं काही नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभं केलं ते सांगलीत. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन रंगवलं, १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो साताऱ्यात. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या दिवसांत सातारा जिल्ह्यातली गावं पोवाड्यांनी पेटून उठली होती. चित्रांचं म्हणाल, तर गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनी मरीयेला आपल्या बायकांसारखी साडी नेसवली. त्यांना टीका सोसावी लागली, पण पुण्याच्या ख्रिस्तप्रेम सेवा आश्रमात राहून ते चित्रं काढत राहिले. कॅथलिक बांधवांचा तर १५ ऑगस्ट हा मरीयेच्या स्वर्गोन्नयनाचाही सण. सत्ताधीश आसनावरून खाली येतात आणि भुकेले तृप्त होतात, असं गाणारी ती माता. त्या दिवशी पुठ्ठ्याचा मुकुट घातलेली भारतमाता उभी करण्यापेक्षा मला हे गाणं जवळचं वाटतं.

नाटक कोणतं करावं? माझ्या मते बायबलमधल्या रूथचं. दुष्काळ पडला म्हणून रूथची सासू नामी हिचं कुटुंब बेथलेहेम सोडून मवाबात गेलं. माण, आटपाडी, खानापूरच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. इथली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, ऊसतोडीला गेली, सोनं-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली. आणि नामीबरोबर बेथलेहेमला आलेली रूथ तर परक्या मुलखातली विधवा. ती शेतात सरवा वेचते, कारण गरिबासाठी आणि परक्यासाठी शेताच्या कडा कापायच्या नाहीत, असं नियमशास्त्रच सांगतं. आपलं राष्ट्र आपल्या शिवारात कुणासाठी काय शिल्लक ठेवतं, हे स्वातंत्र्यदिनी देवासमोर विचारायला नको का?

पडदा नको, रंगमंच नको. वेदीपुढच्या मोकळ्या जागेत घोंगडी अंथरा, तिच्यावर जोंधळ्याची कणसं विखरा. कापणीला गजीनृत्याचा ढोल वाजू द्या. नामी दारातून आत येईल तेव्हा ‘अगं, ही नामीच की!’ हे नटांनी म्हणायचं नाही, बायकांच्या बाकांवरून यायचं. तिथं नाटक थांबवा. पाळकांनी प्रार्थना सुरू करावी आणि पोटासाठी गाव सोडून गेलेल्या आपापल्या माणसांची नावं मंडळीनं बसल्या जागेवरून घ्यावीत. कुणी रडलं तर रडू द्या, घाई करू नका. सगळी नावं घेऊन झाली की मगच रूथनं शेतात पाऊल टाकावं.

यासाठी संहिता जुलैच्या सुरुवातीला हातात हवी, आणि ती पुस्तकी मराठीत नको. लिहून झाली की आधी मंडळीतल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला वाचून दाखवा. ‘आमच्यात असं बोलत न्हाईत’ असं ती जिथं म्हणेल, तिथं ते वाक्य खोडा आणि तिच्या तोंडचं लिहून घ्या.