चिकटपट्टीचा झगा
(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याच्या नोकऱ्या'. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे मला असाच विषय मिळणार. पण त्यावरचे व्हिडिओ तुमच्या फोनवर रोज येतात, तुम्ही ते गटावर टाकता आणि मग मलाही ते पाहावे लागतात. म्हणून मी परवानगी घेऊन विषय बदलला आहे. मी अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलंडजवळ राहते. तिकडची सोळा-सतरा वर्षांची काही मुलं-मुली चिकटपट्टीचे कपडे शिवतात आणि ते घालून नाचायला जातात. 'शिवतात' हा शब्द इथे बरोबर नाही, का ते पुढे सांगते.

तिकडे शाळेच्या शेवटच्या एक-दोन वर्षांत, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, शाळेतर्फे एक नाच असतो. त्याला प्रॉम म्हणतात. मुलींनी पायघोळ झगा घालायचा, मुलांनी टक्सिडो म्हणजे काळा कोट आणि बो. आपल्याकडच्या गॅदरिंगसारखं काही डोळ्यांसमोर आणू नका, ते लग्नाच्या स्वागत समारंभाच्या जास्त जवळ जातं. झग्याला शेकडो डॉलर सहज पडतात. वर बूट, केस, फुलं, तिकीट, फोटो. एका संध्याकाळसाठी एवढा खर्च ज्या घरांना झेपत नाही, तिथली मुलं 'मला असल्या गोष्टींत रस नाही' असं सांगून मोकळी होतात. त्यांना खरोखर रस नसतो की दुसरं काही असतं, ते आईबापांना कळतं.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर एव्हॉन नावाचं गाव आहे. 'डक' नावाच्या चिकटपट्टीची कंपनी तिथली. दर वर्षी जूनमध्ये 'फादर्स डे'च्या सुमाराला तिथे चक्क चिकटपट्टीचा उत्सव भरतो. ही कंपनी २००१ पासून एक स्पर्धा घेते, तिचं नाव 'स्टक ॲट प्रॉम'. 'स्टक' म्हणजे अडकलेला, आणि चिकटलेलासुद्धा. अमेरिका आणि कॅनडातल्या शाळकरी मुलांनी प्रॉमचा पोशाख चिकटपट्टीचा करायचा आणि फोटो पाठवायचे. कारागिरी, कल्पकता, रंगांची योजना अशा गोष्टींवर निवड होते. बक्षीस कॉलेजच्या शिष्यवृत्तीचं. गेल्या काही वर्षांत पहिलं बक्षीस दहा हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त झालं आहे. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, अंतिम फेरीत आलेल्या एका मुलीनं ४१ रोल वापरून महामारीचीच चित्रं असलेला झगा केला होता. त्याला तिला जवळजवळ चारशे तास लागले. शाळा बंद, प्रॉम रद्द, आणि ही मुलगी घरी बसून पट्ट्या कापतेय.

तुमच्या मनात आलेलं मी ओळखते. ही त्या कंपनीची स्वस्तातली जाहिरात आहे. आहेच. शिवाय ते प्लॅस्टिक आहे, एकदा चिकटलं की त्याचं पुढे काही होत नाही. हे मीही घरी बोलून दाखवलं होतं. तरी मी त्यावर बोलते आहे, कारण गेल्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरात मी दोन महिने हे काम होताना पाहिलं.

पण आधी ती पट्टी काय आहे ते सांगू दे, कारण आपण इचलकरंजीची माणसं आहोत आणि तिच्यात आपल्याला ओळखीचं काहीतरी आहे. आपल्या खाकी किंवा पारदर्शक सेलोटेपशी तिची गल्लत करू नका. तिचे तीन थर असतात. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, खाली रबरी गोंद आणि मध्ये विरळ विणीचं कापड. उभं सूत, आडवं सूत. म्हणून तर ती हातानं फाडली तरी सुतासुतानं सरळ फाटते, कापडाच्या दुकानात थान टरकन फाडतात तशी. जाड सुती कापडाला इंग्रजीत 'डक' म्हणतात, त्यावरूनच 'डक टेप' हे नाव आलं असं मानतात. बदकाशी त्याचं नातं कंपनीनं नंतर लावलं.

ही पट्टी आज ज्या रूपात आहे त्याच्या मुळाशी एक कामगार बाई आहे. तिचं नाव व्हेस्टा स्टाउट. दुसऱ्या महायुद्धात इलिनॉयमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात ती पेट्या तपासायची आणि भरायची. पेट्यांवर कागदी पट्टी लावून वरून मेण चढवायचे आणि उघडायला एक टोक मोकळं ठेवायचे. ते टोक ओढलं की तुटायचं. लढाईत पेटी उघडायला वेळ लागला तर काय होईल, हे तिला कोणी सांगायला नको होतं, तिचे दोन मुलगे नौदलात होते. कापडी पट्टी वापरा, असं तिनं वरिष्ठांना सांगितलं, पण ते पुढे सरकलं नाही. फेब्रुवारी १९४३ मध्ये तिनं थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहिलं, सोबत आकृत्या काढून पाठवल्या. पत्र युद्धसामग्री मंडळाकडे गेलं, सूचना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला ती पट्टी बनवायला सांगितलं गेलं. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी चंद्रावरच्या गाडीचं मोडलेलं मडगार्ड नकाशांचे कागद आणि हीच जातीची पट्टी लावून दुरुस्त केलं. पेट्यांपासून चंद्रापर्यंत गेलेली वस्तू नाचाच्या झग्यापर्यंत गेली यात नवल नाही.

आता माझ्या स्वयंपाकघराकडे येते. माझी लेक आणि तिची शाळेतली मैत्रीण. ही मैत्रीण संध्याकाळी एका किराणा दुकानात काम करते, आई एकटी कमावती. प्रॉममध्ये 'रस नसलेली' हीच. दोघींनी ठरवलं की दोघी स्पर्धेत उतरायच्या आणि तेच घालून प्रॉमला जायचं. रोल चार-पाच डॉलरला मिळतो. म्हणजे साधारण शंभर डॉलरमध्ये एक पोशाख, शिवाय शिष्यवृत्तीची आशा.

पहिल्यांदा अंगाच्या मापाचा पुतळा केला. जुना टी-शर्ट घालून उभं राहायचं, दुसरीनं त्यावरून पट्टी गुंडाळत जायची, मग पाठीवर उभा छेद देऊन ते कवच काढायचं आणि आत रद्दी ठासायची. आत उभ्या असलेल्या माणसाला अर्ध्या-पाऊण तासात घेरी येते, वारा अजिबात जात नाही. मग 'कापड' तयार करायचं. ओव्हनमध्ये घालतात त्या कागदावर पट्ट्या एकीवर एक थोड्या चढवून लावायच्या, मग चिकट बाजूला चिकट बाजू लावून दुसरा थर. कात्रीला गोंद धरतो म्हणून दर पाच मिनिटांनी खायचं तेल लावायचं. आमच्या घरी फोडणीचं तेल त्या दोन महिन्यांत जितकं संपलं तितकं दिवाळीलाही संपत नाही.

मी आपली आईच्या उत्साहानं सुचवलं की पैठणी कर, नऊवारी कर, सगळ्यांहून वेगळं दिसेल. लेकीनं एक तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, याच्या निऱ्या पाडून दाखव." निरी पडत नाही. दुमडली तर करकरीत घडी पडते आणि सोडली तर पुठ्ठ्यासारखी उभी राहते. या वस्तूला पदर नाही, झोक नाही. दुकानातल्या झग्यांचं सगळं सौंदर्य कापडाच्या पडण्यात असतं आणि नेमकं तेच इथे नाही. झगा कमरेखाली घंटेसारखा फुलवायचा कसा, यावर दोघी आठवडाभर अडल्या. संगणकावर आकृत्या काढून झाल्या, व्हिडिओ पाहून झाले.

तेव्हा माझी आई तिकडे आली होती. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या आयांचे ब्लाऊज-परकर तिनं शिवलेत. ती दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अगं, चुण्या कशाला घालताय? कळ्यांचा परकर करा की." वर्तमानपत्र घेतलं आणि वर अरुंद, खाली रुंद अशी एक कळी कापून टेबलावर ठेवली. माझ्यातली इंजिनिअर जागी झाली म्हणून आकडेही सांगते. कंबर ७२ सेंटिमीटर, कळ्या बारा. म्हणजे वर प्रत्येक कळी ६ सेंटिमीटर, खाली २५. घेर झाला तीन मीटर. एकही चुणी नाही, कापड पडायची गरजच नाही, कारण फुलणं हे कापण्यातच आलं. त्या मुलींनी हा प्रश्न तीन मितींचा म्हणून घेतला होता. आईनं तो सपाट कागदावर आणून सोडवला.

पुढचा भाग तुम्हाला जास्त आवडेल. आई म्हणाली, आता मशीनवर शिवून टाकू, तासाचं काम. माझी लेक म्हणाली, "आजी, सुई नको." आईनं तरी एक तुकडा घातलाच. दहा टाक्यांत सुईला गोंद धरला, आणि टाके पडले तिथं ते पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखं सुटून आलं. भोकं पाडली की तीच फाटायची रेघ होते. मग आतून पट्टी लावून कळीला कळी भिडवायची पद्धत लेकीनं आजीला शिकवली. शिवणं हा शब्द बरोबर नाही म्हटलं ते यासाठी. पुढचे तीन आठवडे माझी आई, मराठीखेरीज काही न बोलणारी, त्या मैत्रिणीला हातवाऱ्यांनी टक्स कसे घ्यायचे ते दाखवत होती आणि ती पोरगी तिलाही 'आजी' म्हणत होती.

लेकीच्या झग्याला वीस रोल लागले. वजन काट्यावर भरलं पावणेचार किलो. मैत्रिणीनं स्वतःसाठी जांभळा-सोनेरी टक्सिडो केला, कॉलरसकट. प्रॉमच्या दिवशी लेकीला गाडीत बसताच येईना, झगा वाकत नाही. मागची सीट पाडून तिला आडवी घालून नेली. उकाड्यानं गोंद मऊ होऊन काखेत सुटायला लागला म्हणून मैत्रीण खिशात अर्धा रोल घेऊन नाचली. लेक चार तासांत एकदाही खाली बसली नाही.

बक्षीस मिळालं नाही. पहिल्या निवडीतसुद्धा आल्या नाहीत. जे निवडले गेले त्यांचे फोटो पाहिले तर का ते कळतं, त्यातली काही कामं शिल्पकाराची वाटावीत अशी होती. मैत्रिणीला शिष्यवृत्तीची खरोखर गरज होती, त्यामुळे ते तिला लागलं आणि ते मी गोड करून सांगणार नाही. ती आता दुकानातलं काम करत करत जवळच्या कमी फीच्या कॉलेजात शिकते. टक्सिडो तिच्या खोलीत टांगलेला आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण दुपारची बैठक. आपल्या तुकडीनं शाळेसाठी जमवलेल्या निधीचं काय करायचं ते जेवणानंतर ठरणार आहे. आलेले प्रस्ताव तीन: स्मार्ट बोर्ड, नवे संगणक आणि प्रवेशद्वारी कमान. कमानीबद्दल मी बोलत नाही. संगणकांना माझा विरोध नाही, माझं पोट त्यावर आहे. पण गेली वीस-बावीस वर्षं नोकरीसाठी मुलाखती घेताना मला पडद्यावर प्रश्न सोडवणारी मुलं भरपूर भेटली. हातातली वस्तू काय ऐकते आणि काय ऐकत नाही, हे तपासून मग बेत बदलणारी फार कमी भेटली. आपल्या वेळी शिवण आणि कार्यानुभव हे तास होते. परीक्षा जवळ आली की ते गणिताला दिले जायचे, आणि आपण हुशार मुलं त्यावर खूश असायचो. शिवण फक्त मुलींना होतं, हेही आठवत असेल.

माझा प्रस्ताव असा, की निधीचा निम्मा भाग हातकामाच्या खोलीसाठी ठेवावा. मुलगे-मुली दोघांसाठी. चार शिलाई मशीन, मोठी टेबलं, कात्र्या, पकडी, करवत, आणि आठवड्यात दोन दिवस मानधनावर येणारी एखादी शिंपीणबाई किंवा मागावरचा जुना जॉबर. वर्षाच्या शेवटी स्नेहसंमेलनात मुलांनी स्वतः केलेले पोशाख घालावेत, आणि ते नेहमीच्या कापडाचे नसावेत अशी एकच अट. चिकटपट्टी आपल्याकडे महाग पडेल आणि तिची गरजही नाही. या सभागृहात ज्यांचे यंत्रमाग आहेत ते किमान सातजण मी मोजले. तुमच्या शेडमध्ये कडेच्या चिंध्या, खराब थानं, रिकाम्या कांड्या, सायझिंगच्या सुताचे गुंते पडलेले असतात. महिन्याला एक पोतं शाळेत पाठवा, बाकी मुलं बघतील.

वरच्या मजल्यावरची आपली जुनी शिवणाची खोली आज मोडक्या बाकांनी भरली आहे. शिपाईमामांकडून मी तिची किल्ली घेतली आहे. जेवणाआधी दहा मिनिटं आहेत, ज्यांना खोली बघायची आहे त्यांनी माझ्याबरोबर वर यावं.