पाण्यावर चालणारे जाते

जाते माहीत नाही असे घर आपल्या जिल्ह्यात विरळाच. पहाटे दोघीजणी समोरासमोर बसत, खुंटा धरत आणि उजाडायच्या आत घरापुरते दळण काढीत. हेच जाते हाताऐवजी पाण्याने फिरवायचे म्हटले, तर काय काय लागेल बरे?

याचे उत्तर पाहायला फार लांब जायला नको. नगरहून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला जा. तेथे खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की आहे. दर्ग्यात येणारे यात्रेकरू, फकीर आणि शिष्य यांच्या अन्नासाठी तिच्यावर धान्य दळले जाई.

या पाणचक्कीचे नाते आपल्या नगरशी आहे. १४९० साली अहमद निजामशहाने येथे आपली सत्ता स्थापन केली. पुढे कापूरवाडी, शेंडी यांसारख्या गावांकडून जमिनीखालून खापरी नळ घालून राजधानीत पाणी आणले गेले. १५८३ साली पुरा झालेला फराहबागेतला महाल भोवतालच्या तलावात उभा राहिला, तोही अशाच आणलेल्या पाण्यावर. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे राजधानी वसवली आणि तेथेही नहर खोदवली. हीच खडकी पुढे औरंगाबाद झाली. पाणचक्की मात्र अंबराची नव्हे. तो १६२६ साली वारला; चक्की त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाली. पण पाणी आणण्याची विद्या तीच.

आता रचना पाहू. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूने डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून निघते. नळ जमिनीखाली असल्याने पाणी उन्हाने आटत नाही आणि त्यात घाणही पडत नाही. वाटेत ठिकठिकाणी दगडी खांब आणि तोंडे ठेवलेली असतात. बंद नळात हवा कोंडली की पाणी अडते. म्हणून हवेला वाट हवी आणि गाळ काढायला माणसालाही वाट हवी. पुण्याच्या कात्रजच्या नळाला अशा जागांना उसासे म्हणत. किती नेमका शब्द!

चक्कीजवळ पाणी एका उंच खांबातून वर चढते. पंप नाही, मोट नाही, तरी चढते. कारण उगम त्याहून उंचावर आहे आणि बंद नळातले पाणी आपल्या मूळ पातळीकडे धाव घेते. तेथून ते खाली झेपावते आणि लोखंडी पात्यांच्या आडव्या चाकावर आदळते. चाकाच्या मधोमध उभा दांडा असतो. तो खालच्या स्थिर तळीच्या भोकातून वर येऊन वरच्या तळीला धरतो. चाक एकदा फिरले की वरची तळी एकदा फिरते. मध्ये ना पट्टा, ना दाते. आपल्या जात्याचा खुंटा काढून त्याखाली चाक जोडले, एवढाच फरक. हिमालयातले घराट याच जातीचे आहेत.

चक्की फिरवून झालेले पाणीही वाया जात नाही. ते आवारातल्या मोठ्या हौदात जाते. या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छप्पर आहे. वर पाणी, खाली माणसे. उन्हाळ्यात यात्रेकरूंना तेवढाच गारवा.

शिक्षकमित्रांनी वर्गात एक हिशेब घालावा. समजा, दर सेकंदाला १० लिटर पाणी ५ मीटरवरून पडते. लिटरचे वजन एक किलो, म्हणजे काम झाले ५० किलोग्रॅम-मीटर. अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५. तेव्हा ही झाली दोन तृतीयांश अश्वशक्ती. निम्मी घर्षणात गेली असे धरले, तरी एक तृतीयांश उरते. धडधाकट माणूस सतत काम करताना सुमारे एक दशांश अश्वशक्ती देतो. म्हणजे एवढीशी धार तीन माणसांचे काम करते, आणि रात्रीही थकत नाही.

पण श्रोतेहो, खरी गोष्ट पुढेच आहे. अशी जुनी चक्की पुन्हा चालू करायची म्हटले की सगळ्यांचे लक्ष तळीकडे आणि चाकाकडे जाते. ते काम सोपे आहे. तळीला टाकी लावणारा पाथरवट मिळेल, पाती घडवणारा लोहारही मिळेल. पण कोसभर लांबच्या नळात एका जागी खापर फुटले, तर चक्की मुकी होते. घराचा पाया खणताना, रस्ता करताना जुना नळ लागतो आणि कुदळीच्या दोन घावांत तो जातो. फोडणाऱ्याला वाटते, एक खापर फुटले. खरे तर तेवढ्याने साऱ्या गावाचे पाणी तुटलेले असते. आणि उगमावरचा डोंगर उघडा पडला, झराच आटला, तर शाबूत नळही कोरडाच.

म्हणून दुरुस्ती वरून खाली करावी: आधी डोंगर, मग झरा, मग नळ आणि शेवटी चाक. आपल्या जिल्ह्यात राळेगणसिद्धीने आणि पुढे हिवरे बाजारने हाच क्रम धरला. पाणी आधी मुरवले, पिकाचा विचार मग केला. दुष्काळी मुलखाला दुसरा क्रम परवडतच नाही.

तेव्हा एक काम करा. गावात कोठे जुना नळ, उसासा, हौद किंवा बारव असेल, तर शाळेतल्या मुलांना घेऊन तेथे जा. म्हाताऱ्या माणसांना विचारा, पाणी कोठून येई, गाळ कोण काढी. त्याचा साधा नकाशा काढून ग्रामपंचायतीत लावा. पुढे कोणी तेथे कुदळ घेऊन आला, तर निदान खाली काय आहे हे त्याला आधी कळेल.