रायगडावरील राजसभा

स्वराज्याच्या राजधानीसाठी सह्याद्रीच्या सर्व गडांतून रायगडाची निवड शिवछत्रपतींनी केली, आणि ६ जून १६७४ रोजी ज्या राजसभेत त्यांचा राज्याभिषेक झाला, तिचे जोते व सिंहासनाची जागा आजही गडावर दृष्टीस पडते. सिंहासनासमोर उभ्या असलेल्या नगारखान्याच्या उत्तुंग दरवाजात हलकेच उच्चारलेला शब्दही सिंहासनापाशी स्पष्ट ऐकू येतो. केवळ दगड, चुना आणि अनुभव यांच्या बळावर ही रचना सिद्ध करणाऱ्या कारागिरांचे कौतुक करावे तितके थोडेच. ज्या दालनांत वजीर-वकिलांची वर्दळ असे आणि दफ्तरे लिहिली जात, ती मात्र १८१८ साली इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत भस्मसात झाली. उरली ती नुसती जोती, आणि रुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांस बाजारपेठेच्या उंच ओट्यांच्या ओळी. हे सर्व बांधकाम ज्यांच्या देखरेखीखाली झाले, त्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोरविले ते एखाद्या कमानीवर नव्हे, तर जगदीश्वराच्या मंदिराच्या एका पायरीवर. गडावर जाल तेव्हा ती पायरी अवश्य पाहा, आणि तिच्यावरील अक्षरे झिजणार नाहीत अशा बेताने पाऊल टाका.