भिलाईला न लाभलेले सभागृह



राज्यघटनेचा १६८ वा अनुच्छेद विधानपरिषद असलेल्या राज्यांची नावे सांगतो. त्यांत मध्य प्रदेशाचे नाव घालण्याची तरतूद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने केली. तारीख मात्र राष्ट्रपतींच्या अधिसूचनेवर सोपविली. ती अधिसूचना आजतागायत निघालेली नाही.

भिलाईच्या मराठी माणसाला याचे मर्म अधिक जाणवावे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते. राजधानी नागपूर, विधिमंडळाचे सभागृह एकच. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि तेथील विधानपरिषद त्यांना आयतीच लाभली. दुर्गच्या वाट्याला नुसते आश्वासन आले.

आज गोंदियातील माध्यमिक शिक्षक, मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे अध्यापन केले असल्यास, नागपूर विभागाच्या शिक्षक मतदारसंघात मतदान करतो. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत शिक्षकांच्या ७ आणि पदवीधरांच्या ७ जागा आहेत. काही तासांच्या रेल्वेप्रवासावर, त्याच भाषेत तेच गणित शिकविणाऱ्या भिलाईच्या शिक्षकाला असे मत नाही.

या मताचे मोल फुगवून सांगण्याचे कारण नाही. शिक्षक मतदारसंघातील उमेदवार शिक्षकच असावा, असे बंधन नाही. परिषद साधे विधेयक फार तर चार महिने रोखू शकते, धनविधेयक चौदा दिवस. पराभूत पुढाऱ्यांची सोय, हा आक्षेपही निराधार म्हणता येत नाही. तथापि, रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच परिषदेचे दीर्घकाळ सभापती होते, हेही विसरता कामा नये.

२००० साली छत्तीसगड वेगळे झाले आणि प्रश्न अधिक अवघड झाला. १७१ व्या अनुच्छेदानुसार परिषद विधानसभेच्या एक-तृतीयांशाहून मोठी नसावी. त्याच अनुच्छेदाचे परंतुक म्हणते, ती कोणत्याही परिस्थितीत ४० हून लहान नसावी. छत्तीसगडची विधानसभा ९० सदस्यांची. तिचा तिसरा हिस्सा ३०. तेलंगणाच्या ११९ सदस्यांच्या विधानसभेला ४० ची परिषद मिळाली, पण तेथे उणीव एका सदस्याहूनही कमी होती. येथे ती दहाची आहे. परंतुक ती भरून काढते की घटनादुरुस्ती हवी, याचा खल विधिज्ञांनी करावा. आकडे मात्र अढळ नाहीत: पूर्वीची एक-चतुर्थांशाची मर्यादा एक-तृतीयांशावर नेली तीही सातव्या दुरुस्तीनेच.

पहिले पाऊल संसदेचे नाही. १६९ व्या अनुच्छेदानुसार विधानसभेने एकूण सदस्यांच्या बहुमताने आणि उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी ठराव करावा लागतो. त्यानंतर संसद साध्या कायद्याने परिषद स्थापू शकते. तो ठराव मागण्यासाठी शिक्षक मतदारसंघ लागत नाही. विधानसभेचे मत भिलाईच्या शिक्षकाकडे आणि या सभागृहातील प्रत्येक मतदाराकडे आहेच.