संगणकाचें बंदर आणि त्यावरील पहारा



गुहागर तालुक्यांत अंजनवेल येथें वाशिष्ठीच्या मुखावर गोपाळगड उभा आहे. समोरच्या तीरावर दाभोळचें जुनें बंदर. खाडींत शिरणारें प्रत्येक गलबत या गडाच्या नजरेखालून जाई. सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं 'कार्ताझ' नांवाचा परवाना सुरू केला. पुढें आंगऱ्यांनींहि दस्तकें दिलीं. परवान्यावांचून निघालेल्या तारवाची धडगत नसे. बंदर, पहारा आणि परवाना हीं जीं तीन अंगें येथें दिसतात, तींच आजच्या विषयाचींहि आहेत. हा विषय म्हणजे, दुसऱ्या संगणकांचे संदेश सुरक्षितपणें स्वीकारणारा साधा सर्व्हर कसा रचावा.

समजा, गुहागरांतील एखाद्या तरुणानें आपल्या घरच्या खोल्या पाहुण्यांना आगाऊ राखून ठेवतां याव्या म्हणून एक प्रोग्राम लिहावयास घेतला. व्याडेश्वराच्या दर्शनाला येणारीं मुंबई-पुण्याचीं कुटुंबें त्याजकडे आपलें नांव, दूरध्वनीचा क्रमांक आणि पैशाचा तपशील पाठविणार. हा मजकूर वाटेंत अनेक यंत्रांतून जातो. तो उघडा गेला, तर मधला कोणीहि तो वाचूं शकेल, इतकेंच नव्हे, तर बदलूंहि शकेल. ही विश्वासानें सोंपविलेली ठेव आहे, आणि तिच्या रक्षणाचा भार प्रोग्राम लिहिणाऱ्यावर आहे.

कामाचा पहिला भाग सोपा आहे. १९८३ सालीं बर्कलेच्या युनिक्स प्रणालींतून 'सॉकेट' ही योजना प्रसृत झाली, व आजहि तीच प्रचारांत आहे. सॉकेट म्हणजे दळणवळणाचें एक टोंक. सर्व्हर प्रथम सॉकेट घडवितो. त्याला एक क्रमांक बांधून देतो, ज्याला पोर्ट असें बंदराचेंच नांव आहे. मग कान देऊन बसतो. आणि कोणी आला म्हणजे त्याला स्वीकारतो. स्वीकारतांच त्या पाहुण्यापुरतें एक नवें सॉकेट मिळतें, व मूळचें सॉकेट पुढच्या पाहुण्याची वाट पाहण्यास मोकळें राहतें. सुरक्षित संकेतस्थळांसाठीं ४४३ हा क्रमांक ठरलेला आहे.

दुसरा भाग पहाऱ्याचा. नेटस्केप कंपनीनें १९९५ मध्यें एसएसएल नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. तिचा वारसा टीएलएस या नांवानें १९९९ पासून चालत आला असून तिची १.३ ही आवृत्ति २०१८ सालची आहे. १.० व १.१ या आवृत्त्या २०२१ मध्यें त्याज्य ठरल्या. त्या बंदच ठेवाव्या. या पद्धतींत दोन्ही बाजू आरंभीं मिळून एक गुप्त किल्ली सिद्ध करतात. नवल हें कीं, ती किल्ली तारेवरून कधींच जात नाहीं. ही युक्ति डिफी आणि हेलमन यांनीं १९७६ मध्यें प्रसिद्ध केली. त्याबरोबरच सर्व्हर आपलें प्रमाणपत्र दाखवितो, व खाजगी किल्लीनें सही करून तें आपलेंच असल्याचें पटवितो. कार्ताझ गलबतानें दाखवावयाचें असे. येथें उलट बंदरच गलबताला परवाना दाखवितें. पाहुण्याकडेहि प्रमाणपत्र मागतां येतें, पण सामान्यतः तें मागत नाहींत.

आतां एका फसगतीकडे लक्ष वेधतों. पायथन भाषेंत ऐकणाऱ्या मूळ सॉकेटालाच टीएलएसचें आवरण घातलें, तर स्वीकारण्याच्या क्षणींच हा आरंभींचा संवाद सुरू होतो. एखादा पाहुणा दार ठोठावून नुसता गप्प उभा राहिला, तर सर्व्हर त्याच्याच तोंडाकडे पाहात बसतो, आणि मागची सारी रांग खोळंबते. यासाठीं दुष्ट हेतूचीहि गरज नाहीं. खाडीकांठीं मोबाइलची रेंज गेली तरी पुरे. उपाय साधा आहे. मूळ सॉकेट उघडेंच ठेवावें. पाहुणा आला कीं त्याला वेगळ्या थ्रेडकडे सोंपवावें, तेथें आवरण घालावें, आणि कांहीं सेकंदांची मुदत घालून द्यावी. मुदत टळली कीं जोडणी बंद.

शेवटीं दोन पथ्यें. खाजगी किल्लीची फाइल प्रोग्रामच्या मजकुरासोबत कोठेंहि प्रसिद्ध करूं नये. तिची नक्कल ज्याच्या हातीं गेली, तो तुमच्या नांवानें दुकान मांडूं शकतो. दुसरें असें कीं, पाहुण्याच्या बाजूचा प्रोग्राम लिहितांना प्रमाणपत्राची तपासणी अडचणीची वाटली म्हणून ती बंद करूं नये. चोराशीं गुप्त भाषेंत बोललें, तरी बोलणें चोराशींच होतें! चांचणीकरितां स्वतःच सही केलेलें प्रमाणपत्र वापरावें लागलें, तर तेंच तेवढें विश्वासाच्या यादींत घालावें. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था २०१५ पासून प्रमाणपत्रें विनामूल्य देत आहे, तेव्हां खर्चाची सबबहि आतां उरलेली नाहीं.

सर्व्हर लहान असला, तरी त्याच्या दाराशीं येणारा मनुष्य आपला विश्वास लहान करून आणीत नाहीं.