भुताच्या सिनेमात आपण असतो तर?

आम्ही बचत गटातल्या अकरा जणी. आज आमचं बोलणं आहे भुताचं. घाबरू नका, रेडिओ बंद करू नका!

लहानपणी लाइट गेली की आम्ही ओट्यावर आजीला चिकटून बसायचो. पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ, तिची पावलं उलटी. गोष्ट ऐकताना मजा वाटायची, पण रात्री परसाकडं जायचं म्हटलं की पाय लटपटायचे. मग एकीनं दुसरीला उठवायचं, दुसरीनं तिसरीला. तिघी हात धरून, कंदील घेऊन जायचो.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि आम्ही टीव्हीवर ‘लपाछपी’ लावला. २०१७ सालचा मराठी सिनेमा. पूजा सावंत त्यात आठ महिन्यांची गरोदर बाई झालीय, आणि ती अडकते उसातल्या एका एकाकी घरात. आमच्यातल्या निम्म्या जणी अशाच वस्तीवर राहतात, त्यामुळं सगळ्या गप्पगार. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो, की त्यातल्या भयाच्या मुळाशी मुली नको असणं आहे.

सिनेमा संपल्यावर आम्ही एकमेकींना विचारलं, तिच्या जागी आपण असतो तर वाचलो असतो का?

एक म्हणाली, “मी चटणीची पूड डोळ्यांत फेकली असती.” दुसरी म्हणाली, “भुताचे डोळे शोधशील कुठं?” तिसरी पळणार होती. त्यावर काकू म्हणाल्या, “उभ्या उसात पळू नये गं. एक सरी धरायची आणि सरळ चालायचं. सरी बांधाला जाऊन लागतेच.” खूप हसलो.

मग आमच्यातली एक हळूच म्हणाली, “मी वाचलेय.” तिला दोन मुली. तिसऱ्या वेळी सासरच्यांनी रात्री गाडी बोलावली, ‘तपासणीला जाऊ’ म्हणाले. ती न्हाणीघरात गेली आणि बहिणीला फोन लावला. बहीण आणि भाऊजी तासाभरात दारात हजर. ती तिसरी मुलगी आता सातवीत आहे. “त्या रात्री भूत नव्हतं,” ती म्हणाली. “सगळी घरातलीच माणसं होती.”

इतकी वर्षं आम्ही तिच्या शेजारी बसतो, आणि आम्हाला माहीत नव्हतं.

मैत्रिणींनो, गर्भलिंग तपासणी १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे. बाईवर घरच्यांनी बळजबरी केली, असंच हा कायदा आधी धरून चालतो. तेव्हा ‘मीच अडकेन’ या भीतीनं गप्प बसू नका. मदतीसाठी १८१ आणि ११२ हे नंबर पाठ करा.

आणि आम्ही गटात एक ठरवलंय. कुणाचाही रात्री मिस्ड कॉल आला, तर जवळच्या दोघींनी तिच्या घरी जायचं आणि वाटीभर साखर उसनी मागायची. दारात दोन बायका उभ्या असल्या की घरातल्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

तुमच्या गटात कोण कुणाला उठवणार, ते आजच ठरवा.